८० हजारांची गाय: बिबट्यानं मारली तर ६० हजार, पुरानं नेली तर ३७,५००!

पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. पण ज्याच्या दावणीला एक जरी जनावर आहे त्यानं शेवटपर्यंत वाचावी. ज्याच्या दावणीला काही नाही पण सकाळच्या चहाला दूध लागतं, त्यानंही वाचावी.

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या परंडा-भूम भागात काय झालं ते मी नव्यानं सांगायला नको. सीना, चांदणी, बाणगंगा पात्र सोडून शिवारात आल्या. सोयाबीन गेलं, तूर गेली, काळी माती खरवडून गेली. त्यावर मोर्चे निघाले, भाषणं झाली, व्हायलाच पाहिजे होती. पण गोठ्याचं काय झालं यावर कुणी नीट बोललंच नाही. पीक गेलं तर पुढच्या हंगामाची आशा असते. दावणीची गाय गेली तर दर दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार बंद होतो, आणि आपल्याकडं कित्येक घरांचं किराणा, दवाखाना, पोरांची फी त्या पगारावर चालते. भूम-परंड्याचा खवा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तो खवा कशापासून होतो? पावसापासून नाही, म्हशीच्या दुधापासून होतो.

माझाही गोठा आहे. चार जनावरं आहेत. उंचवट्यावर होता म्हणून वाचला. त्यामुळं मला स्वतःसाठी काही मागायचं नाही. ज्यांचं गेलं त्यांच्या हातात काय पडलं आणि ते कोणत्या हिशेबानं पडलं, एवढंच मांडायचं आहे.

एकाच सरकारच्या तीन किमती

आता नीट बघा. आकडे सगळे सरकारचेच आहेत.

किंमत पहिली. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची दुधाळ जनावरं वाटपाची योजना आहे. ऑनलाइन अर्ज भरून आपल्यातल्या पुष्कळांनी नशीब आजमावलंय. त्या योजनेत पूर्वी एका जनावराची किंमत ४० हजार धरायचे. २०२३ मध्ये सरकारनंच मान्य केलं की या पैशात बाजारात धड जनावर मिळत नाही. म्हणून किंमत वाढवली. गाय ७० हजार, म्हैस ८० हजार. शाब्बास! बरोबरच केलं.

किंमत दुसरी. वन विभागाची. वाघानं, बिबट्यानं गाय, म्हैस किंवा बैल मारला तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यातली जी कमी असेल ती रक्कम मिळते. म्हणजे ८० हजारांची गाय बिबट्यानं मारली तर ६० हजार. शेळी-मेंढी असेल तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार, यातली कमी ती.

किंमत तिसरी. पुराची. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार दुधाळ गाय-म्हैस मेली तर ३७,५००. बैल मेला तर ३२ हजार. वासरू २० हजार. शेळी-मेंढी ४ हजार. कोंबडी १०० रुपये. आणि घराला लागून असलेला गोठा पडला तर ३ हजार. तीन हजारात गोठ्याला पत्रे किती बसतात ते गावातल्या पोरालाही विचारा.

आता मला एक सांगा. गाय तीच, कास तीच, दूध तेवढंच. सरकार विकत घेऊन देताना ती ७० हजारांची. बिबट्याच्या तोंडी गेली तर ६० हजारांची. आणि सीनेच्या पाण्यात गेली की ३७,५०० ची. गायीनं मरायचं कसं हे पण आता शासन निर्णय वाचून ठरवायचं का?

शेळीचं तर त्याहून वाईट. आपल्या जिल्ह्याच्या जुन्या नावाची शेळी, उस्मानाबादी. सरकार स्वतःच्या शेळीगट योजनेत एका उस्मानाबादी शेळीची किंमत ८ हजार धरतं. तीच शेळी पुरात गेली की ४ हजार. सरकारच्या एका टेबलावर ८ आणि शेजारच्या टेबलावर ४. दोन्ही टेबलं एकाच इमारतीत!

"अहो, ही मदत आहे, भरपाई नाही"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पाठ झालंय. साहेब लोक सांगतात, आपत्तीत सरकार देतं ती मदत, माणूस पुन्हा उभा राहावा म्हणून दिलेला हात. नुकसानीची पूर्ण किंमत देणं हे सरकारचं काम नाही.

ठीक आहे. वादासाठी मान्य करू. मग हिशेब करू की या मदतीनं माणूस उभा राहतो का.

एक साधी संकरित गाय धरा. दिवसाला १२ लिटर दूध. लिटरला ३२ रुपये. दिवसाचे ३८४, दहा दिवसांचे ३,८४०. त्यातून गोळी पेंड, सरकी, वैरण, डॉक्टर जाऊन जे उरतं त्यावर घर. गाय गेली. हातात ३७,५०० आले. बाजारात तशीच दुसरी गाय आणायला गेलं तर ७०-८० हजार मागतात, आणि हे मी नाही, सरकारची योजनाच सांगते. म्हणजे ३७,५०० मध्ये अर्धी गाय येते. अर्धी गाय बाजारात मिळत नाही हो! एकतर उरलेले ३०-४० हजार सावकाराकडून किंवा डेअरीची उचल घेऊन घालायचे, नाहीतर आलेले पैसे जुन्या देण्यात घालून मोकळं व्हायचं. बहुतेकांचं दुसरंच होतं. कारण मेलेल्या गायीचं कर्ज गायीबरोबर मरत नाही.

म्हणजे "उभा राहावा म्हणून हात" हे शब्द खरे धरले तरी ही रक्कम त्या शब्दांना पुरत नाही. जनावर परत दावणीला येत नसेल तर तो हात कसला? ती समजूत झाली.

पिकाला वरची भर, गोठ्याला शून्य

कुणी म्हणेल, केंद्राचे निकष आहेत, राज्य काय करणार. हे अर्धसत्य आहे. निकष केंद्राचे, निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५, हे खरं. पण निकषांच्या वर स्वतःच्या तिजोरीतून द्यायला राज्याचा हात कुणी धरलेला नाही. आणि राज्यानं ते दिलंसुद्धा!

ऑक्टोबर २०२५ चं पॅकेज आठवा. ३१,६२८ कोटींचं. त्यात कोरडवाहू पिकाला निकषानं हेक्टरी ८,५०० बसत होते. राज्यानं रब्बीसाठी म्हणून हेक्टरी १० हजार वर घातले आणि ते १८,५०० झाले. खरवडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि मनरेगातून ३ लाखांपर्यंतची कामं जाहीर झाली. गाळानं भरलेल्या विहिरीला ३० हजार. हे सगळं मागण्या झाल्या म्हणून झालं. अंमलबजावणी कशी झाली तो वेगळा विषय, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.

पण दुधाळ जनावराचा दर? ३७,५००. पुस्तकात होता तोच. बैलाचा? ३२ हजार. तोच. शेळीचा? ४ हजार. तोच. पिकाच्या ताटात सरकारनं वरून वाढलं आणि गोठ्याच्या ताटात पुस्तकात लिहिलंय तेवढंच टाकलं.

आणि हे पुस्तक किती जुन्या भावाचं आहे तेही बघा. आधीच्या निकषात दुधाळ जनावराला ३० हजार होते. २०२२ मध्ये ३७,५०० केले. म्हणजे वाढ २५ टक्के. त्याच काळात वाटप योजनेत गायीची किंमत ४० वरून ७० हजार, म्हशीची ४० वरून ८० हजार. वाढ ७५ आणि १०० टक्के. देताना बाजारभाव कळतो, भरपाईच्या वेळी बाजारभाव कळत नाही, असं कसं?

तीन जनावरांची अट

एक चांगली गोष्ट झाली, ती झाली म्हणायला पाहिजे. निकषात अट होती की एका घराला जास्तीत जास्त तीन मोठी दुधाळ जनावरं किंवा तीस शेळ्या-मेंढ्या एवढ्याचीच मदत. दहा मेली तरी तीनच मोजायची. ऑक्टोबरच्या पॅकेजमध्ये मुख्यमंत्र्यांनी तीन जनावरांची ही अट काढली. चांगलं केलं. ज्यांनी पाठपुरावा केला त्यांना रामराम.

पण मंडळी, ती अट त्या पुरापुरती निघाली. निकषांच्या पुस्तकातून ती खोडलेली नाही. पुढच्या वर्षी वीज पडली, दुसऱ्या तालुक्यात ढग फुटला, तर पुन्हा तीनच? तेव्हा पुन्हा मोर्चा, पुन्हा निवेदन, पुन्हा घोषणेची वाट? अख्खं राज्य बुडालं तर दहाही गायी मोजायच्या, आणि एकाच वाडीवर संकट आलं तर तीन, हा कुठला न्याय? ज्याचा गोठा गेला त्याच्यासाठी तो पूर शंभर टक्केच असतो.

कोंबडीवाल्यांचंही तसंच. पुस्तकात घरटी १० हजारांची मर्यादा लिहिलेली आहे. १०० रुपयांनं १०० पक्षी झाले की संपलं. आपल्याकडं पाच-पाच हजार पक्ष्यांची शेड टाकलेली पोरं आहेत, बँकेचं कर्ज काढून. त्यांनी शंभराच्या पुढचे पक्षी कुणाच्या नावावर टाकायचे?

मेलेली गाय पुरावा द्यायला कुठून आणायची?

आता कागदाचं. मदतीसाठी पंचनामा लागतो, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो, फोटो लागतो, कानातला बिल्ला लागतो. २०२४ पासून नियम केलाय की कानात १२ अंकी बिल्ला नसेल तर नैसर्गिक आपत्तीत जनावर मेलं तरी भरपाई नाही.

बिल्ल्याला माझा विरोध नाही. उलट सगळ्यांनी मारून घ्या, आजच घ्या. माझ्या चारही जनावरांना आहे. पण बिल्ला गायीच्या कानात असतो आणि कान गायीबरोबर जातो. रात्री पाणी आलं, दावं कापायलाही वेळ मिळाला नाही, जनावर वाहून खालच्या तालुक्यात कुठं तरी काटवनात अडकलं. त्याचं शवविच्छेदन कुणी करायचं? फोटो कशाचा काढायचा? रिकाम्या दावणीचा?

या प्रश्नाचं उत्तर अवघड नाही. बिल्ल्याची नोंद सरकारच्याच भारत पशुधन प्रणालीवर असते. मालकाचं नाव, जनावराचं वय, सगळं. दूध घालणाऱ्या माणसाच्या प्रत्येक थेंबाची नोंद संकलन केंद्रावर असते. २१ सप्टेंबरपर्यंत रोज ३० लिटर घालणारा माणूस पुरानंतर ६ लिटरवर आला, हा पुरावा नाही का? तो तर पंचनाम्यापेक्षा पक्का, कारण तो संकटाच्या आधीपासून लिहिलेला आहे. बिल्ल्याची ऑनलाइन नोंद, दुधाची पावती आणि गावातल्या चार लोकांची सही, एवढ्यावर मदत मंजूर करा. असा स्पष्ट नियम लिहून ठेवा. प्रत्येक वेळी साहेबाच्या दयेवर नको. चांगला साहेब भेटला तर काम होतं, आणि पुस्तकी भेटला तर माणूस सहा महिने हेलपाटे घालतो. मी दोन्ही प्रकार बघितलेत.

जे रकान्यातच नाहीत

काही माणसं आणि काही नुकसान या सगळ्या तक्त्यांच्या बाहेरच राहतं.

चार शेळ्यांवर घर चालवणारी भूमिहीन बाई. तिच्या नावावर सातबारा नाही, त्यामुळं पिकाची मदत नाही, विहिरीची नाही, जमिनीची नाही. तिचं सगळं रान त्या चार शेळ्यांत. चारही गेल्या तर सरकार देणार १६ हजार. आणि त्या चार शेळ्या योजनेतून मिळाल्या असत्या तर त्याच सरकारनं त्यांची किंमत ३२ हजार लावली असती.

मेंढपाळ. मेंढरं घेऊन चार जिल्हे फिरतो. मेंढरं मरतात एका तालुक्यात, आधार कार्ड दुसऱ्या तालुक्यातलं. इथला तलाठी म्हणतो तुमच्या गावाला जा, गावचा म्हणतो मेंढरं इथं मेली नाहीत. दोन हद्दींच्या मध्ये मेंढरं कुजतात.

आणि जी जनावरं वाचली त्यांचं काय? तीन दिवस पाण्यात उभी राहिली, खुरं कुजली, कासदाह झाला, दूध निम्म्यावर आलं, गाभण होती ती गाभडली. मेली नाही म्हणून मदत नाही. कडब्याच्या गंजी वाहून गेल्या, मुरघासाच्या बॅगा फुटल्या. वर्षाची वैरण होती ती. तिचा पंचनामा शोधून दाखवा. चारा छावणीची तरतूद दुष्काळात आठवते, पुरानंतर गुरं काय चिखल खातात का?

"पैसा कुठून आणायचा?" आणि "लोक लबाडी करतील"

हे दोन आक्षेप येणारच, म्हणून इथंच उत्तर देतो.

पैशाचं बघा. दुधाळ जनावराचा दर ३७,५०० वरून ७० हजार केला तर एका जनावरामागं ३२,५०० जास्त लागतात. अगदी दहा हजार दुधाळ जनावरं मेली असं धरलं तरी जास्तीचे होतात ३२ कोटी ५० लाख. ३१,६२८ कोटींच्या पॅकेजमध्ये ही रक्कम म्हणजे हजार रुपयांतला एक रुपया. हा एक रुपया नव्हता असं कुणी म्हणत असेल तर त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं.

लबाडीचं बघा. लबाडी होते, मी नाकारत नाही. पण मग वन विभागाकडं होत नाही का? तिथंही जनावर मेल्यावर पंचनामाच होतो, बाजारभावही ठरवला जातो. तिथं माणसावर विश्वास ठेवून ७० हजारांपर्यंत देता येतात, मग इथं का नाही? आणि ज्याच्या कानात बिल्ला, ज्याची नोंद ऑनलाइन, ज्याचं दूध केंद्रावर मोजलेलं, त्या जनावराची लबाडी करणं सोपं नाही. दोन-चार लबाडांसाठी सगळ्या गावाला अर्धी गाय द्यायची, हा हिशेब गावात चालत नाही, मंत्रालयातही चालू नये.

कुणी विम्याचं नाव काढेल. पशुधन विमा आहे, हप्त्यात सरकारचा मोठा वाटा आहे, चांगली योजना आहे. पण तुमच्या गावात किती जनावरांचा विमा आहे ते बोटांवर मोजा. बहुतेक गावांत एका हाताची बोटं उरतील. विमा घरोघरी पोचवणं हेही सरकारचंच काम होतं. ते झालं नाही त्याची शिक्षा बुडालेल्या माणसाला कशी?

आता काय मागायचं

ही पोस्ट आजच का लिहितोय? कारण आपत्ती निधीच्या २०२२ च्या निकषांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतचीच होती. सोळाव्या वित्त आयोगानं नोव्हेंबर २०२५ मध्ये अहवाल दिला. पुढच्या पाच वर्षांच्या चौकटीचा हा प्रश्न आहे. आत्ता आवाज केला नाही तर पुढच्या पुरात पुन्हा हाच तक्ता घेऊन तलाठी दारात उभा राहील, आणि त्याची काही चूक नसेल.

आणि इकडं जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचंही बघा. जिल्हा परिषदेत पशुसंवर्धन आणि दुग्धशाळा अशी एक विषय समिती असते, हे कितीतरी उमेदवारांना निवडून आल्यावर कळतं. निकष बदलणं तिच्या हातात नाही. पण ठराव करून मुंबईला पाठवणं, गावागावात बिल्ले मारून घेणं, विम्याचे कॅम्प लावणं हे तिच्या हातात आहे.

तर दारात मत मागायला जो येईल, कुठल्याही पक्षाचा असो, त्याला चहा पाजा आणि हे पाच प्रश्न विचारा:

१) आपत्तीत मेलेल्या जनावराला निदान वन विभागाच्या नियमाएवढी, म्हणजे बाजारभावाच्या ७५ टक्के रक्कम मिळावी, असा ठराव मांडणार का?

२) तीन जनावरांची आणि तीस शेळ्यांची मर्यादा कायमची रद्द करा, ही मागणी लेखी करणार का?

३) वाहून गेलेल्या जनावरासाठी बिल्ल्याची नोंद आणि दुधाची पावती हा पुरावा धरावा, यासाठी पाठपुरावा करणार का?

४) वैरण, मुरघास आणि आजारी पडलेली जनावरं यांचा पंचनाम्यात रकाना असावा, हे तुम्हाला पटतं का?

५) पहिल्या सहा महिन्यांत आपल्या गटातल्या प्रत्येक गावात बिल्ला आणि विमा कॅम्प घेणार का, आणि कुठल्या महिन्यात?

"बघू", "करू", "वरती बोलतो" ही उत्तरं नकोत. हो किंवा नाही. मोबाइल बाहेर काढा आणि उत्तर रेकॉर्ड करा, त्यांच्यासमोर करा, लपून नको. पुढची पाच वर्षं कामाला येईल.

आणि आपणही थोडं करू. ज्याच्या जनावराला बिल्ला नाही त्यानं या आठवड्यात मारून घ्या. दुधाच्या पावत्या चुलीत घालू नका, एका पिशवीत ठेवा. प्रत्येक जनावराचा बिल्ला दिसेल असा फोटो काढून घरातल्या दोन मोबाइलवर ठेवा. सरकारशी भांडायचं तर आपला कागद पक्का पाहिजे.

ज्यांची जनावरं गेली आणि अजून पैसे खात्यावर आले नाहीत, त्यांनी खाली गावाचं नाव आणि किती जनावरं एवढंच लिहा. आधार नंबर, खाते नंबर इथं टाकू नका. यादी करून तहसीलला निवेदन देऊ, पोच घेऊ, आणि पोच इथंच टाकू. कुणाला एखादा आकडा चुकीचा वाटला तर बिनधास्त सांगा, पण शासन निर्णय दाखवून सांगा. शिव्या देणाऱ्यांनी आधी पाच वाजता उठून एक दिवस धार काढून बघावी, मग लिहावं.

पटलं तर आपल्या गावाच्या ग्रुपवर टाका. उमेदवाराच्या ग्रुपवर तर नक्की टाका.